सवाई

सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावर नवापूर नावाचं स्टेशन आहे. तिथल्या फलाटावर एक बाकडं आहे. त्याचं अर्धं अंग महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. मधोमध रेघ ओढून दोन्ही बाजूंना राज्यांची नावं रंगवलेली आहेत. तिकीटखिडकी नंदुरबार जिल्ह्यात, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातच्या तापी जिल्ह्यात. गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशी चार भाषांत होते. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली, आणि नकाशावरची रेघ नेमकी या फलाटावरून गेली. हौशी प्रवासी या बाकावर बसून फोटो काढतात.

बोचकी, पिशव्या आणि पिठाचे डबे घेऊन खानदेशातून सुरतेला निघालेली माणसं मात्र या बाकाकडे बघतही नाहीत. त्यांना डब्यात जागा मिळाली की पुरे. त्यांची सीमा फलाटावर येतच नाही. ती उधन्याला उतरून भाड्याची खोली बघायला गेल्यावर येते. खोलीचा मालक कुलूप उघडता उघडता विचारतो, ‘तमे क्यांना?’ तुम्ही कुठले?

आजच्या व्याख्यानाचा विषय हा प्रश्न आहे. श्रोत्यांपैकी कुणी बेळगावहून पुण्यात, कुणी कलबुर्गीहून सोलापुरात, कुणी जळगावहून सुरतेत, कुणी सावंतवाडीहून म्हापशात गेलं असेल, तर त्यांनी तो ऐकलेला असणार. प्रश्न साधा आहे. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही नसतंही. तरी उत्तर देताना आवाज थोडा खाली येतो, तो का, हे आज बघायचं आहे.

परदेशी गेलेल्या माणसाच्या परकेपणावर मराठीत भरपूर लिहून झालं आहे. अमेरिकेतली पहिली हिवाळ्यातली संध्याकाळ, लंडनमधली भाजी, सगळं आलं. शेजारच्या राज्यात गेलेल्या माणसाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही, कारण त्याला काही झालंय असं कुणाला वाटतच नाही. रात्रीच्या गाडीनं बसलं की सकाळी गावी. डाळ तीच, देव तेच, लिपीही बहुधा ओळखीची. दूर गेलेला माणूस मनाची तयारी करून जातो, आणि तिथले लोकही त्याला सूट देतात. ‘बिचाऱ्याला कळत नाही’ म्हणून सांभाळून घेतात. शेजारून आलेल्याला ही सूट मिळत नाही. त्याला कळायला हवं, असं दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं. मराठी माणसाला हे फोड करून सांगायला नको. भाऊबंदकी हा शब्द त्याच्याच भाषेतला आहे, आणि तालुक्याच्या कोर्टात कुणाचे दावे चालतात हे त्याला ठाऊक आहे. ज्यांचे बांध एकमेकांना लागून असतात, त्यांचेच.

भाषेपासून सुरुवात करू. महाराष्ट्रातून गुजरातेत राहायला गेलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात वाटतं, यात शिकायचं काय आहे? सगळं समजतंय की. आणि मग शेजारीण दुपारी दारात उभी राहून म्हणते, ‘आजे हुं नवरी छुं.’ मराठी कानाला धक्काच बसतो. बाई सांगत असते की आज मला काही काम नाही, मी मोकळी आहे. गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे रिकामा माणूस. (मराठी बायकांना हा अर्थ कळला की त्या तो फार लवकर पचवतात, ही गोष्ट वेगळी.) ‘जम्या?’ असं कुणी विचारलं तर त्याला काम जमलं का हे नको असतं, जेवलात का एवढंच हवं असतं. इंदुरात गेलेल्याला शाळेच्या पाटीवरचं ‘शिक्षा’ पहिल्यांदा दचकवतं, आणि कुणी आपल्या ‘चेष्टे’चं कौतुक केलं तर रागवायचं की आभार मानायचे कळत नाही. तमिळ शिकणारा माणूस चुकला तर त्याला शब्द येत नाही म्हणून चुकतो. गुजराती बोलणारा मराठी माणूस चुकतो तो शब्द येतो म्हणून. त्यामुळे त्याची चूक विनोदी होते, आणि विनोद गल्लीभर पसरतो.

पंचांगाचंही असंच. मराठी महिना अमावास्येला संपतो, मध्य प्रदेशातला पौर्णिमेला. त्यामुळे इंदूरच्या एकाच चाळीत गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी शेजारणीचा श्रावण लागतो, तिचे सोमवार सुरू होतात, आणि भिंतीपलीकडच्या मराठी घरात अजून आषाढ तळला जात असतो. वडाची पूजाही पंधरा दिवस मागेपुढे. शेजारीण तिच्या ज्येष्ठातल्या अमावास्येला वडाला सूत गुंडाळून येते, आणि मराठी सूनबाई पौर्णिमेला एकटीच त्या झाडाशी उभी असते. गुजरातेत महिने जुळतात, तर वर्ष जुळत नाही. तिथलं नवं वर्ष, बेसतुं वरस, दिवाळीच्या पाडव्याला लागतं आणि सुरतेच्या बाजारातली बरीच दुकानं लाभपाचमीपर्यंत बंद राहतात. गुढीपाडवा मात्र तिथे कामाचा दिवस असतो. गुढी उभारायची तर सकाळी लवकर उठून, आणि संध्याकाळी उतरवायला घरात कुणी असेलच असं नाही. सण वेगळे असते तर माणूस पाहुण्यासारखा बघत बसला असता. इथे सण तोच असतो आणि दिवस चुकतो, त्यामुळे आपणच काहीतरी चुकतोय असं वाटत राहतं.

आता सुरतेकडे थोडं थांबून बघायला हवं. लिंबायत, उधना, दिंडोली या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. कापडाचा धंदा, डाइंगच्या मिला, मार्केटमधली हमाली, रिक्षा, किराणा, असं जे मिळालं ते करत हे लोक तिथे पिढ्यान् पिढ्या स्थिरावले. महापालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवते. ही गोष्ट कौतुकाची आहे, आणि महाराष्ट्रातल्या अनेक पालिकांनी बघून यावी अशी आहे. श्रावणात खानदेशची कानबाई देवी बसते, रोटांचा बेत होतो. खानदेशात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीचे खासदार झाले आणि २०२० मध्ये भारतीय जनता पक्षाचे गुजरात प्रदेशाध्यक्षही झाले. राजकारण बाजूला ठेवून एवढीच नोंद करायची, की सुरतेत खानदेशी माणूस कोपऱ्यात बसलेला नाही. तरीही तिथे त्याला हाक येते ती ‘भाऊ’ अशी. मराठीत हा शब्द मायेचा. तिथे तो ओळखपत्रासारखा वापरला जातो. हाक मारणाऱ्याच्या सुरात माया आहे की शिक्का, हे त्या-त्या दिवसावर अवलंबून असतं.

गंमत पुढेच आहे. हा भाऊ घरात मराठी बोलत नाही, अहिराणी बोलतो. अहिराणीची ठेवण मराठीला जितकी जवळची, तितकीच गुजरातीच्या कानालाही ओळखीची. नंदुरबारहून सुरत रेल्वेनं साधारण दीडशे किलोमीटर, पुणे त्याच्या दुपटीहून अधिक. तापी नदी मुलताईला उगम पावते, खानदेश ओलांडते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. माणसं तिच्याच वाटेनं गेली. हाच मुलगा सुरतेऐवजी शिकायला पुण्याला गेला तर? तिथेही त्याच्या बोलण्याची नक्कल होते. ‘तू मूळचा कुठला?’ हा प्रश्न त्याला सदाशिव पेठेत लिंबायतहून आधी भेटतो. म्हणजे राज्य न बदलताही तो परका होतो, आणि राज्य बदलल्यावर अचानक मराठी होतो. सुरतेनं त्याला मराठी केलं, असं म्हटलं तर पुणेकरांनी रागावू नये.

इतिहासाचाही एक काटा आहे. महाराष्ट्रातल्या मुलाला १६६४ आणि १६७० च्या सुरतेच्या दोन स्वाऱ्या म्हणजे महाराजांच्या पराक्रमाची पानं. सुरतेच्या आठवणीत ती शहर लुटल्याची आणि जळाल्याची गोष्ट आहे. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. स्वराज्य उभं करायला पैसा हवा होता आणि मोगलांचं सर्वांत श्रीमंत बंदर हाताशी होतं, हेही खरं. ज्याच्या पेढीवर तो पैसा होता त्याला स्वराज्याशी देणंघेणं नव्हतं, हेही खरं. दूरच्या लोकांशी आपल्या इतिहासाची अशी गाठ पडत नाही. केरळात गेलेल्या मराठी माणसाला कुणी पूर्वजांचा हिशोब विचारत नाही.

या सगळ्यातून वाट काढून जे मोठे झाले, त्यांच्याकडे बघितलं की एक शब्द लक्ष वेधून घेतो.

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर १८८५ साली साताऱ्यात जन्मले. १९१० च्या सुमारास ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक झाले. त्या शाळेत शिक्षकांना घरच्या नात्यांनी हाक मारायची पद्धत होती. कालेलकर झाले काका आणि विठ्ठल लक्ष्मण फडके झाले मामा. दोघंही पुढे गांधीजींबरोबर गुजरातेत रमले आणि ही नाती आयुष्यभर त्यांना चिकटून राहिली. परक्या गावात माणसाला पहिल्या दिवशी काका म्हणणारी शाळा भेटणं हे भाग्यच म्हणायचं. काकासाहेबांनी गुजरातीत असं लिहिलं की त्यांच्या ‘जीवनव्यवस्था’ या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार गुजरातीसाठी मिळाला. गुजराती शब्द कसे लिहावेत हे ठरवणारा जोडणीकोश गुजरात विद्यापीठानं १९२९ मध्ये काढला. त्या कामात या साताऱ्याच्या माणसाचा हात होता. गांधीजींनी त्यांना नाव दिलं सवाई गुजराती.

आता दुसरं टोक. धारवाडजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ. घरची भाषा कन्नड, गुरू अब्दुल करीम खाँ, आणि नाव गाजलं ते मराठी संगीत रंगभूमीवर. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात या कानडी गायकाला लोकांनी काय पदवी दिली? सवाई गंधर्व. १९५२ मध्ये ते गेले आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून पुण्यात त्यांच्या स्मृतीचा उत्सव सुरू केला. भीमसेन स्वतः गदग भागातले, कन्नडभाषक. पुण्याच्या अस्सलपणाची खूण म्हणून आज जो महोत्सव दाखवला जातो, तो एका कानडी शिष्यानं कानडी गुरूसाठी मांडलेला आहे, हे मांडवातल्या किती रसिकांच्या ध्यानात असतं?

एकजण इकडून तिकडे गेला, एकजण तिकडून इकडे आला, आणि दोघांनाही मिळालं ते एकच विशेषण. सवाई म्हणजे सव्वापट. सवाई जयसिंग, सवाई माधवराव यांच्यामुळे शब्द दरबारी वाटतो, पण त्यात एक हिशोब लपला आहे. अहमदाबादेत जन्मलेल्या माणसाला गुजराती म्हणवून घ्यायला एक पुरतं. साताऱ्याहून आलेल्याला सव्वा लागतं. काकासाहेब नुसते बरे गुजराती झाले असते, तर ते शेवटपर्यंत ‘गुजराती चांगलं बोलणारे मराठी गृहस्थ’ राहिले असते. हे कौतुक खोटं नव्हतं, मनापासूनचं होतं. पण कौतुकाचा दर सव्वा होता. या व्याख्यानाचं म्हणणं एवढंच आहे, की शेजारच्या राज्यात गेलेल्या माणसाकडून हा पाव हिस्सा जास्तीचा मागितला जातो, आणि मागणाऱ्याला आपण काही मागतोय हे कळतही नाही.

ज्याच्या हातात सत्ता असते त्याला हा पाव भरावा लागत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंना दत्तक गेला आणि बडोद्याचा सयाजीराव झाला. त्याला अक्षरओळखही नव्हती. मराठीबरोबर गुजराती, उर्दू, इंग्रजी हे सगळं तो राजवाड्यात शिकला. त्याला ‘तमे क्यांना’ असं विचारणारा त्या शहरात कुणी नव्हता. तरी मोठेपण असं, की सयाजीरावांनी गुजराती शिक्षणावरही खर्च केला. १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि कारभाराचे शब्द अनेक भाषांत देणारा ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ १९३१ मध्ये काढून घेतला. बाहेरून आलेल्या राजानं शब्दांचा कोश करून घ्यावा, हे फार बोलकं आहे. मराठी साहित्य संमेलन बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ असं चार वेळा भरलं. पहिल्या तीन संमेलनांच्या वेळी मराठी ही तिथे राजघराण्याची भाषा होती. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि दांडिया बाजारातल्या वाड्यांमधली मराठी माणसं रात्रीतून सत्ताधाऱ्यांची मंडळी राहिली नाहीत, नुसती मराठी उरली. आज बडोद्याची खासियत म्हणून जो पदार्थ गाड्यांवर मिळतो त्याचं नाव सेव उसळ. उसळ शब्द मराठी, पण खाणाऱ्या तरुणाला तो मराठी आहे हे माहीत नसतं. एखादी गोष्ट मुरली की तिचं मूळ कुणी विचारत नाही, निदान पदार्थाचं तरी.

देवाचं मात्र विचारतात. पंढरपूरच्या विठ्ठलाला ज्ञानेश्वरांनी कानडा म्हटलं, आणि रा. चिं. ढेरे यांनी १९८४ च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात त्याच्या मूळ ठावठिकाण्याचा माग दक्षिणेत काढला. तेव्हा काही भाविकांना ते रुचलं नाही.

मनातलं परकेपण काळ बरं करतो असं म्हणतात. कागदातलं परकेपण बरं व्हायला मात्र वर्षं मोजावी लागतात, आणि ती बहुधा पंधरा असतात. निजामाच्या हैदराबादेत १९१९ पासून मुलकी नियम होता. सरकारी नोकरी हवी तर पंधरा वर्षांचा रहिवास दाखवा. ‘गैरमुलकी’ हा शब्द तिथे शिवीसारखा झाला आणि १९५२ मध्ये त्यावरून हैदराबादेत मोठं आंदोलन पेटलं. महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला काढायला गेलं की पंधरा वर्षांचे पुरावे मागतात. कर्नाटकानं २०२४ मध्ये खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं जे विधेयक आणलं आणि टीकेनंतर बाजूला ठेवलं, त्यातही पंधरा वर्षांचा रहिवास होता. निजाम गेला, राज्यं बदलली, पंधराचा आकडा काही हलला नाही. गाडीवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं. मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्यांना दुसऱ्या राज्यात बारा महिने मिळतात आणि मग नंबर बदलावा लागतो. गोव्यात एम. एच. पाटीच्या गाडीला पोलिसाचा हात आधी दिसतो ही तक्रार जुनी आहे. पाटी बदलली की ती तरी थांबते.

सगळ्यांत मोठा घाव मात्र जातीच्या दाखल्यावर बसतो. आंध्रात अनुसूचित जमातीत मोडणाऱ्या कुटुंबातला एक मुलगा नवव्या वर्षी वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईला आला, तिथेच शिकला, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी त्याला राखीव जागा नाकारली गेली. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नकार कायम केला. संविधानातल्या याद्या राज्यवार आहेत, एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात चालत नाही, असा निकाल. कायद्याच्या अंगानं युक्तिवाद समजतो. पण बंजारा समाजाकडे बघा. महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत. लातूर, कलबुर्गी, बिदर आणि निजामाबादच्या तांड्यांमध्ये सोयरीक होते, गोरबोली ही बोली एक, गाणी एक, सेवालाल महाराज एक. एका भावाची मुलगी सीमेपलीकडे नांदायला गेली तर तिच्या मुलांचा प्रवर्ग वेगळा. रेघ ओलांडताना गोरबोली तशीच राहते आणि कागद बदलतो.

ज्यांनी रेघ ओलांडली नाही, रेघच ज्यांना ओलांडून गेली, त्यांचा प्रश्न निराळा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मैसूर राज्यात गेलं. तिथल्या मराठी घरांनी सामान बांधलं नव्हतं. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, हा सगळा विषय स्वतंत्र व्याख्यानमालेचा आहे. इथे फक्त एवढं लक्षात ठेवू, की स्थलांतरिताचं दुःख आणि सीमावासीयाचं दुःख ही दोन वेगळी दुःखं आहेत. पहिल्यातला माणूस ‘मी आलो’ असं म्हणतो. दुसऱ्यातल्याला ते म्हणता येत नाही, आणि त्याला आलेला समजून वागवलं की तो चिडतो.

स्थलांतर म्हटलं की डोळ्यांपुढे नोकरीवाला पुरुष येतो. जनगणनेचे आकडे वेगळं सांगतात. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी लोक आपलं मूळ ठिकाण सोडून राहणारे मोजले गेले. त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया, आणि त्यांच्या जागा बदलण्याचं सर्वांत मोठं कारण लग्न. मिरज, अक्कलकोट, चंदगड, उमरगा, देगलूर, कुठल्याही सीमेवरच्या तालुक्यात बघा, पलीकडच्या राज्यातून आलेल्या सुना घराघरांत आहेत. परक्या घरी जाऊन तिथलं मीठ-तिखट, तिथले हेल, तिथले सोवळ्या-ओवळ्याचे नियम मुकाट्यानं उचलायचे, ही कसरत मराठी समाजानं बायकांकडून शेकडो वर्षं करून घेतली, आणि तिला स्थलांतर असं नाव कधी दिलं नाही. माहेर आणि सासर म्हटलं. ‘तुमच्याकडे असं करतात वाटतं?’ हे वाक्य प्रत्येक सुनेनं ऐकलेलं आहे. राज्य बदलून गेलेल्या पुरुषाला ते ऑफिसच्या डब्यावर पहिल्यांदा ऐकू येतं तेव्हा तो हबकतो.

या कसरतीतून एखादं घर काय करू शकतं, तेही पाहिलं पाहिजे. बेळगावात वाढलेल्या उमा कुलकर्णी लग्न होऊन पुण्यात आल्या. पती विरूपाक्ष कन्नडभाषक. ते कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचत, त्या ऐकत आणि मराठीत उतरवत. या घरातून कारंत, भैरप्पा, तेजस्वी मराठीत आले. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला १९८९ मध्ये साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. विरूपाक्षांनी मराठी पुस्तकं कन्नडमध्ये नेली. दोन भाषांचा बांध या घराच्या मधून जात होता, आणि त्या दोघांनी त्यावर झाडं लावली. या उदाहरणानं हुरळून जायला नको, कारण हेही पुन्हा सवाईंचंच उदाहरण आहे.

जे सवाई होऊ शकत नाहीत त्यांचं काय? दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही सीमा ओलांडून कर्नाटकातल्या कारखान्यांवर. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. माणसांची मोजणी अवजारानं होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. मार्च-एप्रिलपर्यंत पाचटाच्या कोपीत मुक्काम. ही माणसं पाच-पाच महिने शेजारच्या राज्यात राहतात, वर्षानुवर्षं जातात, आणि त्यांना तिथे कुणी ‘तुम्ही कुठले’ असंही विचारत नाही. मुकादमाला माहीत असतं तेवढं पुरतं. त्यांच्या वाट्याला परकेपणही पुरतं येत नाही, कारण परकं ठरायला आधी कुणाच्या तरी नजरेत भरावं लागतं. मुलांची शाळा मधेच तुटते. बीडची मराठी शाळा सुटते आणि फडाजवळची कानडी शाळा समजत नाही.

आता महाराष्ट्राकडे वळायला हवं, नाहीतर हे व्याख्यान गाऱ्हाणं ठरेल. मुंबईत उडुपी-मंगळूरकडच्या मंडळींनी हॉटेलं काढली, मराठी माणसाला इडली खायला शिकवलं. १९६६ नंतर याच शहरात दक्षिणेकडच्या लोकांविरुद्ध मोहिमा निघाल्या, हॉटेलांवर दगड पडले. त्यांत शेजारच्या कर्नाटकातले लोकही होते. त्यांतल्या काहींची मुलं मराठी शाळांत शिकत होती, घरं गणपतीची वर्गणी देत होती. बेळगावात मराठी पाटीला काळं फासलं की महाराष्ट्राचा संताप होतो आणि तो व्हावाही. पण काळ्या रंगाचा डबा महाराष्ट्रातही मिळतो आणि वापरला गेला आहे, हे बेळगावच्या मराठी माणसाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, कारण दर वेळी त्याची किंमत तो चुकवतो. शाळांत मराठी सक्तीचा कायदा महाराष्ट्रानं २०२० मध्ये केला, गुजराती सक्तीचा गुजरातनं २०२३ मध्ये. दोन्ही राज्यांना आपल्या भाषेची काळजी आहे, हे बरोबरच आहे. पुण्याच्या सोसायटीतला गुजराती मुलगा मराठी शिकतो, सुरतेच्या चाळीतला मराठी मुलगा गुजराती शिकतो. दोघांनीही शिकावं. ते शिकण्याआधी मात्र पाण्याची वेळ कळायला हवी.

हे थट्टेनं म्हटलेलं नाही. नव्या गावात आलेल्या बिऱ्हाडाला पहिल्या दिवशी भाषा, अस्मिता, इतिहास यातलं काही लागत नाही. नळाला पाणी किती वाजता येतं, दूधवाला कुठल्या गल्लीतून जातो, रात्री ताप चढला तर कुठला दवाखाना उघडा असतो, एवढं लागतं. हे सांगायला व्याकरण लागत नाही, खुणांनीही सांगता येतं. तेव्हा श्रोत्यांना विनंती एवढीच. येत्या मे-जूनमध्ये, शाळा-नोकऱ्यांच्या बदल्यांच्या दिवसांत, आपल्या जिन्यावर शेजारच्या राज्यातलं सामान चढेल. टेम्पोच्या पाटीवर के. ए., जी. जे. किंवा टी. जी. लिहिलेलं असेल. त्या बाईला ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ हे आठवडाभरानं विचारा. पहिल्या संध्याकाळी फक्त एवढं सांगून या, की पाणी सकाळी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं.